एका ‘आणि’विरुद्ध उभा राहिलेला पक्ष

स्पेनच्या वायव्य भागात लेओन नावाचा प्रांत आहे. तिथल्या रस्त्यांवर प्रदेशाच्या नावाची पाटी लागते : ‘कास्तिया इ लेओन’. कास्तिया हा लेओनच्या शेजारचा जुना प्रदेश, आणि स्पॅनिशमधला ‘इ’ म्हणजे आपला ‘आणि’. यातल्या कितीतरी पाट्यांवर ‘कास्तिया’ आणि ‘इ’ या दोन शब्दांवर कुणीतरी रंग फासलेला असतो आणि वाचायला उरतं फक्त ‘लेओन’. कुठे कुठे भिंतीवर ‘लेओन सोलो’ असंही दिसतं. सोलो म्हणजे एकटं. आम्हाला एकटं राहू द्या, एवढीच त्या रंगाची मागणी.

या मागणीचा एक नोंदणीकृत राजकीय पक्षही आहे. त्याचं नाव ‘उनिओन देल प्वेब्लो लेओनेस’, म्हणजे लेओनी जनतेचा संघ. आद्याक्षरांवरून त्याला यूपीएल म्हणतात. १९८६ साली स्थापन झालेल्या या पक्षाला देशाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात आजवर एकही जागा जिंकता आलेली नाही. तरीही लेओन शहराच्या महापौराच्या खुर्चीवर कोण बसणार, हे या पक्षाच्या दोन-तीन नगरसेवकांनी एकाहून अधिक वेळा ठरवलं आहे.

स्पेनमधला प्रादेशिक प्रश्न म्हटला की आपल्याकडे बातम्या येतात त्या कातालोनियाच्या किंवा बास्क प्रदेशाच्या. तिथे वेगळ्या देशाची भाषा होते, म्हणून मथळे मोठे होतात. लेओनचं मागणं त्या जातीचं नाही. यूपीएलला स्पेनमध्येच राहायचं आहे. स्पेनमध्ये १७ स्वायत्त प्रदेश आहेत, आपल्या राज्यांसारखे, प्रत्येकाची स्वतःची विधानसभा आणि सरकार असलेले. यूपीएलला अठरावा हवा आहे. तोही एकट्या लेओन प्रांताचा नव्हे, तर लेओन, सामोरा आणि सालामान्का या तीन प्रांतांचा. मला या छोट्या पक्षाबद्दल लिहावंसं वाटलं ते यासाठी, की स्थानिक लोकशाहीचं यंत्र आतून कसं फिरतं ते अशा पक्षाकडे पाहिलं की स्पष्ट दिसतं. मोठ्या पक्षांच्या गर्दीत ती चाकं झाकलेली राहतात.

नाव जुनं, जखम नवी

‘लेओन’ म्हणजे स्पॅनिशमध्ये सिंह. पण शहराचं नाव सिंहावरून पडलेलं नाही. रोमन सैन्याची सातवी तुकडी, ‘लेगिओ सेप्तिमा जेमिना’, पहिल्या शतकात इथे तळ ठोकून होती. त्या ‘लेगिओ’चं बोलता बोलता ‘लेओन’ झालं आणि सिंह मागाहून झेंड्यावर येऊन बसला. इसवी सन ९१० पासून इथे लेओनचं राज्य होतं. ११८८ मध्ये राजा नववा आल्फोन्सो याने इथे भरवलेल्या सभेत सरदार आणि धर्मगुरूंबरोबर शहरांचे प्रतिनिधीही बसले. युरोपातल्या संसदीय पद्धतीचा सर्वांत जुना लिखित पुरावा म्हणून युनेस्कोने २०१३ मध्ये त्या सभेच्या कागदपत्रांची नोंद केली. लेओनी माणूस ही गोष्ट तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत सांगेल, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखीच आहे.

१२३० मध्ये लेओन आणि कास्तिया यांचे मुकुट एकाच डोक्यावर आले आणि पुढे कायम एकत्र राहिले. स्पेनच्या राजचिन्हात आजही कास्तियाचा किल्ला आणि लेओनचा सिंह शेजारीशेजारी आहेत. राजा एक झाला तरी नकाशावर लेओनचं वेगळं नाव टिकून राहिलं. १८३३ मध्ये हाविएर दे बुर्गोस या मंत्र्याने स्पेनची प्रांतवार आखणी केली. तीत ‘लेओन’ हा स्वतंत्र प्रदेश दाखवला होता आणि त्यात हेच तीन प्रांत होते : लेओन, सामोरा, सालामान्का. यूपीएलच्या तीन प्रांतांच्या मागणीचं मूळ या आखणीत आहे. त्या प्रदेशाला स्वतःचं सरकार नव्हतं. तो शाळेच्या पुस्तकात आणि नकाशात होता. पण शाळेत पाठ केलेला नकाशा माणसाच्या डोक्यातून सहज पुसला जात नाही.

खरं भांडण सुरू झालं ते फ्रँकोच्या हुकूमशाहीनंतर. १९७८ च्या राज्यघटनेने देशातल्या ‘राष्ट्रीयत्वांना आणि प्रदेशांना’ स्वायत्ततेचा हक्क दिला. प्रदेश कोणते, त्यांच्या सीमा कोणत्या, हे मात्र घटनेने लिहून दिलं नाही. प्रांतांनी आपसात ठरवून एकत्र यावं, अशी रचना होती. म्हणजे १९७८ ते १९८३ ही पाच वर्षं स्पेनचा नकाशा ओला होता, आणि त्या काळात ज्याचं पारडं जड त्याने रेघ ओढली.

जुन्या कास्तियातल्या सान्तान्देर प्रांताने ‘कान्ताब्रिया’ नावाने १९८१ च्या अखेरीस स्वतःची स्वायत्तता मिळवली. लोग्रोन्यो प्रांत ‘ला रिओखा’ नावाने १९८२ मध्ये स्वायत्त झाला. लोकसंख्येने लेओनपेक्षा बराच लहान असलेला एकटा प्रांत वेगळा प्रदेश होऊ शकला. लेओनचं मात्र उलट झालं. १९८० मध्ये तिथल्या प्रांतिक परिषदेने कास्तियाबरोबर जाण्याचा ठराव केला. त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाचे वजनदार नेते आणि माजी गृहमंत्री रोदोल्फो मार्तिन बिया हे मूळचे लेओनचेच. हा निर्णय त्यांनी घडवून आणला, असं लेओनवादी आजही मानतात आणि त्यांना माफ करत नाहीत.

मग जानेवारी १९८३ मध्ये त्याच प्रांतिक परिषदेने घूमजाव केलं आणि आधीचा ठराव मागे घेतला. पण उशीर झाला होता. फेब्रुवारीत कास्तिया आणि लेओन या नऊ प्रांतांच्या प्रदेशाचा कायदा मंजूर झाला. प्रकरण घटनापीठाकडे गेलं. १९८४ मध्ये निकाल आला : परिषदेचं काम गाडी सुरू करून देण्यापुरतं होतं, गाडी निघाल्यावर एकतर्फी उतरता येणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात लेओन शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. दोन वर्षांनी यूपीएल स्थापन झाला.

मला या निकालातलं कायद्याचं तर्कशास्त्र समजतं. तरी एक खटकतं. लेओनच्या लोकांना ‘तुम्हाला काय हवं?’ असं मतपेटीतून थेट कधी विचारलंच गेलं नाही, ना जाताना, ना अडवताना. पुढच्या चाळीस वर्षांच्या नाराजीचं कारण मला या न विचारलेल्या प्रश्नात दिसतं.

तीन माणसं सत्ता कशी फिरवतात

आता यंत्राकडे येऊ. हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण तो समजल्याशिवाय छोटा पक्ष समजत नाही.

स्पेनमध्ये आठ हजारांहून अधिक पालिका आहेत. माद्रिदसारखं महानगर असो की चाळीस माणसांचं डोंगरातलं गाव, दोन्हीकडे प्रमुखाला एकच शब्द आहे : ‘आल्काल्दे’. दर चार वर्षांनी मे महिन्याच्या चौथ्या रविवारी देशभरातल्या पालिकांची निवडणूक एकाच दिवशी होते. आपल्याकडे सरपंच थेट लोकांनी निवडावा की सदस्यांनी, यावर कायदा पुढे-मागे होत राहिला. तिथे हा प्रश्न मिटलेला आहे. अगदी चिमुकली गावं सोडली तर लोक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक आल्काल्दे निवडतात. लोक मत देतात ते व्यक्तीला नव्हे, पक्षाच्या यादीला. २५० पेक्षा कमी वस्तीच्या गावांत मात्र यादी खुली असते आणि मतदार नावांवर फुली मारतो.

किती वस्तीला किती नगरसेवक, हे कायद्यात ठरलेलं आहे. २५१ ते १००० लोकांच्या गावाला ७, २००१ ते ५००० वाल्याला ११, लेओनसारख्या एक लाखावरच्या शहराला २७. पाच टक्क्यांच्या खाली मतं मिळाली तर यादी बाद. उरलेल्यांना जागा वाटल्या जातात त्या बेल्जियन गणिती द’ऑन्ट यांच्या पद्धतीने. ही पद्धत ऐकायला अवघड वाटते, पण वहीच्या एका पानावर मावते.

समजा, एका गावात ७ जागा आहेत. ‘अ’ पक्षाला २७० मतं, ‘ब’ला २४०, आणि गावाकडच्या छोट्या ‘क’ पक्षाला ९०. प्रत्येकाच्या मतांना १, २, ३, ४ ने भागत जायचं. ‘अ’चे आकडे येतात २७०, १३५, ९०, ६७.५. ‘ब’चे २४०, १२०, ८०, ६०. ‘क’चे ९०, ४५. आता या सगळ्या आकड्यांतले सर्वांत मोठे सात उचलायचे : २७०, २४०, १३५, १२०, ९०, ९०, ८०. त्यात ‘अ’चे तीन, ‘ब’चे तीन आणि ‘क’चा एक.

पंधरा टक्के मतं मिळालेल्या ‘क’चा एकच सदस्य निवडून आला. पण बहुमताला चार लागतात, आणि तीन अधिक तीन काही एकत्र येणार नाहीत. म्हणजे गावाचा कारभार कुणाकडे जायचा, हे त्या एका माणसाच्या हातावर आलं. असा पक्ष म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘पार्तिदो बिसाग्रा’. बिसाग्रा म्हणजे बिजागरी. दार कुठल्या बाजूला उघडायचं ते बिजागरी ठरवते. आपल्या ‘किंगमेकर’पेक्षा मला हा शब्द जास्त नेमका वाटतो, कारण बिजागरी स्वतः जागची हलत नाही.

यात आणखी एक मेख आहे आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. निवडणुकीनंतर विसाव्या दिवशी नव्या सदस्यांची पहिली सभा भरते. तिथे कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर ज्याच्या यादीला लोकांची सर्वाधिक मतं त्या यादीचा प्रमुख आपोआप आल्काल्दे होतो. पुन्हा निवडणूक नाही, महिनोन्‌महिने घोळ नाही. त्यामुळे आमच्या उदाहरणातला ‘क’चा सदस्य ‘मी कुणाच्याच बाजूला नाही’ म्हणून स्वतःला मत देऊन गप्प बसला, तरी त्याने ‘अ’ला बसवलेलंच असतं. अशा सभागृहात तटस्थ राहायची सोयच नसते. छोट्या पक्षावर ‘तुम्ही विकले गेलात’ असा आरोप दोन्हीकडून का होतो, त्याचं कारण या नियमात आहे.

पुढे अविश्वास ठरावही आणता येतो, पण नुसतं ‘हा नको’ म्हणून चालत नाही. ‘याच्या जागी हा हवा’ असं नाव ठरावातच लिहावं लागतं. लेओन शहराने २००४ मध्ये हे अनुभवलं. २००३ च्या निवडणुकीनंतर समाजवादी पक्षाचे फ्रान्सिस्को फेर्नान्देस यूपीएलच्या पाठिंब्याने महापौर झाले होते. दीड वर्षातच यूपीएलची मतं उजव्या पोपुलार पक्षाकडे वळली, अविश्वास ठराव मंजूर झाला आणि त्या पक्षाचे मारिओ आमिलिबिया पुन्हा महापौर झाले. २००७ च्या निवडणुकीनंतर फेर्नान्देस परत आले, आणि तेही यूपीएलबरोबरच. एका शहराच्या महापौरपदाने चार वर्षांत दोनदा कूस बदलली आणि दोन्ही वेळा बिजागरी तीच.

यावरून यूपीएलला संधिसाधू म्हणणारे भरपूर आहेत. त्या काळच्या पक्षाबद्दल माझंही मत फार वेगळं नाही. डावं-उजवं हा आमचा मुद्दाच नाही, आमचा मुद्दा लेओन, असं पक्ष म्हणतो. तात्त्विकदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण पाण्याची पट्टी किती, बसचा मार्ग कुठून, जुनी वस्ती पाडायची की राखायची, या रोजच्या प्रश्नांवर ‘आमचा मुद्दा लेओन’ हे उत्तर पुरत नाही. मतदारालाही ते कळलं. प्रादेशिक विधानसभेत १९९९ मध्ये तीन जागांवर गेलेला हा पक्ष २०११ मध्ये एका जागेवर आला आणि दशकभर तिथेच थांबला.

न दिसणारी दुसरी पायरी

पालिकेच्या वर प्रांतिक परिषद असते. तिला ‘दिपुतासिओन’ म्हणतात. आपल्या जिल्हा परिषदेची आठवण व्हावी असंच तिचं काम आहे : लहान गावांचे रस्ते, पाणी, बर्फ हटवणं, अग्निशमन, हिशेब आणि कायद्याच्या कामात मदत. लेओन प्रांतात २११ पालिका आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे स्वतःचा एक अभियंता ठेवण्याइतकेही पैसे नाहीत. त्यामुळे दिपुतासिओनचा निधी कुठल्या रस्त्याला मिळतो, यावर गावांचं जगणं ठरतं.

या परिषदेवर कोण बसणार, यासाठी मात्र लोक मतदान करतच नाहीत. प्रांताचे न्यायालयीन तालुके केलेले आहेत. प्रत्येक तालुक्यात पालिका निवडणुकीत कुठल्या पक्षाला एकूण किती मतं पडली, त्याची बेरीज होते आणि त्या हिशेबाने परिषदेच्या २५ जागा पक्षांना मिळतात. मग त्या पक्षाचे नगरसेवक आपल्यातूनच माणसं निवडून पाठवतात. म्हणजे डोंगरातल्या गावातली आजी शेजारच्या ओळखीच्या पोराला म्हणून मत देते, आणि तिच्या नकळत तेच मत प्रांताचा अध्यक्ष ठरवायलाही मोजलं जातं.

गावोगावी याद्या उभ्या करणं यूपीएलसाठी इतकं महत्त्वाचं का, ते इथे कळतं. एखाद्या खेड्यात एकही सदस्य निवडून आला नाही तरी तिथली मतं तालुक्याच्या बेरजेत जातात. २०२३ नंतर लेओनची प्रांतिक परिषद समाजवादी पक्ष आणि यूपीएल यांच्या युतीकडे आहे. अध्यक्ष समाजवादी, उपाध्यक्षपद यूपीएलकडे. शहरातल्या बातम्यांत महापौर झळकतो, पण छोट्या पक्षाला खरा हात-पाय पसरायला जागा मिळते ती या परिषदेत.

राग कशाचा

इतिहासाच्या अभिमानावर पक्ष स्थापन होतो, पण चाळीस वर्षं चालत नाही. त्याला रोजच्या दुःखाचं सरपण लागतं.

१९६० च्या सुमारास लेओन प्रांतात ५ लाख ८० हजारांवर लोक होते. आता सुमारे साडेचार लाख आहेत. उत्तरेकडच्या डोंगरांत आणि पश्चिमेच्या बिएर्सो भागात कोळशाच्या खाणी होत्या. पिढ्यान्‌पिढ्या खाणीवर जगलेली गावं तिथे आहेत. युरोपीय नियमांनुसार तोट्यातल्या खाणी २०१८ च्या अखेरीस बंद झाल्या, आणि पाठोपाठ कोळशावरची मोठी वीजकेंद्रंही. पोरं माद्रिदला गेली, घरांना कुलपं लागली. या गोष्टीचा दोष एकट्या प्रादेशिक सरकारला देता येणार नाही. कोळशाचा काळच संपत होता. पण आपलं ओस पडणं आणि दुसऱ्याचं भरणं एकाच वेळी दिसलं की माणूस तुलना करतोच.

तुलना होते ती वायादोलिदशी. कास्तिया आणि लेओनच्या कायद्यात राजधानी म्हणून कुठल्याच शहराचं नाव नाही. ते जाणूनबुजून टाळलं गेलं. पण सरकार आणि विधानसभा वायादोलिदमध्ये आहेत, आणि जिथे मंत्रालय तिथे नोकऱ्या, कार्यालयं, कंत्राटं. उच्च न्यायालय बुर्गोसला, लोकपालासारखं कार्यालय लेओनला अशी वाटणी केली गेली आहे. लेओनवाद्यांच्या मते ही समजूत काढण्याची वाटणी आहे. हा प्रदेश क्षेत्रफळाने अवघ्या पोर्तुगालपेक्षा मोठा आणि लोकसंख्येने सुमारे २४ लाखांचा. एवढ्या पसरलेल्या, विरळ प्रदेशात केंद्र कुठेही असलं तरी कडेच्या माणसाला ते लांबच वाटणार.

एक लहानसं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. लेओन शहराच्या मध्यभागातून उत्तरेच्या खाणपट्ट्याकडे अरुंद रुळांची जुनी रेल्वे जायची. शहरातून ट्रामसारखी गाडी न्यायची योजना आली, त्यासाठी २०११ मध्ये शेवटचा तुकडा बंद केला गेला आणि गाडी शहराच्या कडेलाच थांबू लागली. काम पुरं झालं नाही. प्रवासी पुढचं अंतर बसने जाऊ लागले. यूपीएल हा विषय सोडत नाही. ही रेल्वे केंद्र सरकारच्या अखत्यारीतली आहे, वायादोलिदच्या नव्हे, तरी सामान्य माणसाच्या मनात दोन्ही नाराजी एकाच पोत्यात जमा होतात. आणि अशा शेवटच्या दोन किलोमीटरसाठी भांडायला मोठ्या पक्षाचा माद्रिदमधला नेता येत नाही, हेही खरं.

भाषेचा धागाही आहे, पण बारीक. लेओनी बोली अस्तुरियाच्या भाषेची सख्खी बहीण. २००७ च्या प्रादेशिक कायद्यात तिला ‘विशेष संरक्षण’ दिल्याचं लिहिलंय. प्रत्यक्षात ती मोजक्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे. कातालोनियात भाषा हा चळवळीचा कणा आहे. लेओनमध्ये तसं नाही. इथे लोक स्पॅनिशमध्येच ‘आम्ही वेगळे’ म्हणतात.

किल्ली भलतीकडेच

एवढा पाठिंबा आहे, तर अठरावा प्रदेश का होत नाही? कारण यूपीएलची ताकद ज्या सभागृहांत आहे, तिथे या कुलपाची किल्ली नाही.

भारतात नवं राज्य संसद साध्या बहुमताने करू शकते. संबंधित राज्याच्या विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं. स्पेनमध्ये उलट आहे. प्रदेशाचा मूळ कायदा बदलायचा तर आधी कास्तिया आणि लेओनच्या विधानसभेत दोन तृतीयांश मतं हवीत, आणि मग माद्रिदच्या संसदेत विशेष कायदा. फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीत विधानसभेत ८१ जागा होत्या. दोन तृतीयांश म्हणजे ५४. यूपीएलच्या आल्या ३. त्या ३ जागा हा पक्षासाठी मोठा विजय होता, कारण लेओन प्रांतात त्याला एकवीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली. पण ज्या विधानसभेतून बाहेर पडायचं तिच्यातल्याच दोन तृतीयांशांची संमती लागणार असेल, तर घरातून वेगळं निघणाऱ्या धाकट्याने साऱ्या भावकीच्या सह्या आणण्यासारखं आहे ते.

दुसरी वाट म्हणून लेओनवादी घटनेच्या १४३ व्या कलमाकडे बोट दाखवतात. स्वायत्ततेसाठी प्रांतिक परिषदेने ठराव करावा, आणि सहा महिन्यांत दोन तृतीयांश पालिकांनी साथ द्यावी, ज्यांत प्रांतातले निम्म्याहून जास्त मतदार राहतात, असं त्यात म्हटलंय. २११ पालिकांचे दोन तृतीयांश म्हणजे १४१. आधीच एका प्रदेशात सामील झालेल्या प्रांताला हे कलम पुन्हा वापरता येतं का, यावर वाद आहे, आणि १९८४ चा निकाल लेओनच्या बाजूचा नाही. पण या कलमामुळेच लेओनमधला पालिकांच्या ठरावांचा सपाटा समजतो. २७ डिसेंबर २०१९ ला लेओन शहराच्या पालिकेने तीन प्रांतांच्या स्वायत्त प्रदेशाचा ठराव मंजूर केला. पाठोपाठ प्रांतातल्या अनेक गावांनी तसेच ठराव केले. २६ जून २०२४ ला प्रांतिक परिषदेनेही केला. कायद्याने यातला एकही ठराव सीमा हलवू शकत नाही. पण प्रत्येक ठराव म्हणजे त्या १४१ च्या दिशेने केलेली मोजणी आहे.

या दोन्ही ठरावांत लक्ष देण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ते यूपीएलच्या मतांवर मंजूर झालेले नाहीत. त्याची तेवढी मतंच नव्हती. ते झाले समाजवादी पक्षाच्या स्थानिक नगरसेवकांच्या मतांनी. शहराचे समाजवादी महापौर होसे आन्तोनिओ दिएस उघडपणे लेओनवादी भाषा बोलतात, त्यांच्याच पक्षाची प्रदेशपातळीवरची भूमिका मात्र एकत्र प्रदेशाची आहे. छोट्या पक्षाचं मोठं यश मी यात पाहतो. त्याने सत्ता मिळवली नाही, पण मोठ्या पक्षाच्या स्थानिक शाखेला आपल्या वरिष्ठांविरुद्ध हात वर करायला लावला. मतं निसटू नयेत म्हणून मोठा पक्ष छोट्याची घोषणा उचलतो, आणि मग छोट्याकडे वेगळं काय उरलं, असा प्रश्नही येतो. यूपीएलसमोर तो आज आहे.

कान्ताब्रियाचं उदाहरण शेजारी ठेवलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. तिथेही एक प्रादेशिक पक्ष आहे, १९७८ मध्ये स्थापन झालेला. त्याचे नेते मिगेल आन्हेल रेबिया माद्रिदला भेटी देताना सान्तोन्याच्या आंचोवी माशांचे डबे घेऊन जायचे म्हणून देशभर ओळखले गेले. ते २००३ ते २०११ आणि पुन्हा २०१५ ते २०२३ प्रदेशाचे अध्यक्ष होते. स्वतःची विधानसभा मिळालेल्या प्रांतात प्रादेशिक पक्षाला वाढायला अंगण मिळालं. लेओनमध्ये तसलाच पक्ष नऊ प्रांतांच्या सभागृहात तीन जागांवर अडला.

विरोधी बाजूचं म्हणणं हलकं नाही. तीन प्रांत मिळून लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आत, त्यातही म्हाताऱ्यांचं प्रमाण मोठं. दवाखाने, शाळा, पेन्शनरांची काळजी हे खर्च कुठून येणार? नवी विधानसभा, नवे मंत्री, नवी कार्यालयं, हे ओझं वेगळंच. शिवाय सामोरा आणि सालामान्का यांना हे हवंय का? तिथे यूपीएलला मिळणारी मतं किरकोळ आहेत. सालामान्काची स्वतःची जुनी विद्यापीठाची ओळख आहे आणि लेओन शहर राजधानी झालं तर ती कडेला पडेल, अशी शंका तिथे घेतली जाते. वायादोलिदबद्दल लेओन जे म्हणतं, तेच उद्या लेओनबद्दल कुणी म्हणेल.

म्हणेल कशाला, म्हणतंच आहे. लेओन प्रांताच्या पश्चिमेचा बिएर्सो भाग १८२२ मध्ये थोड्या काळासाठी स्वतंत्र प्रांत होता. त्याच्या काही गावांत गालिसियाची भाषा बोलतात. तिथे बिएर्सोवाद्यांचा स्वतःचा पक्ष आहे आणि १९९१ पासून त्या भागाला स्वतःची परिषदही आहे. बिएर्सोतल्या पोन्फेर्रादा शहरातल्या माणसाला वायादोलिद लांब वाटतं आणि लेओनही. यूपीएलने या लोकांना नव्या प्रदेशात काय मिळेल, हे जितकं ठोस सांगायला हवं तितकं सांगितलेलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

लेओन यात एकटं नाही. मार्च २०१९ मध्ये माद्रिदमध्ये ‘रिकाम्या केलेल्या स्पेन’चा मोठा मोर्चा निघाला. ओस पडणाऱ्या प्रांतांचा तो आवाज होता. २०२२ मध्ये याच विधानसभेत ‘सोरिया या’ नावाच्या नागरिकांच्या संघटनेने सोरिया प्रांतातल्या पाचपैकी तीन जागा जिंकल्या. ‘या’ म्हणजे आत्ता, लगेच. आविलातल्या स्थानिक पक्षाने एक जागा राखली. या दोघांना वेगळा प्रदेश नको आहे, त्यांना डॉक्टर, रस्ते आणि रेल्वे हवी आहे. लेओनच्या पक्षाचं मागणं त्याहून मोठं आहे, पण मतदार बऱ्याच अंशी त्याच दुःखाचा आहे.

पुढची पालिका निवडणूक कायद्यानुसार २३ मे २०२७ ला आहे. त्या रविवारी लेओनच्या डोंगरातल्या एखाद्या गावात शाळेच्या खोलीत दोन-अडीचशे माणसं मतदान करतील. रस्त्यावरचा बर्फ वेळेवर हटवला जातो का, डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतो, हे त्यांच्या मनात असेल. त्यांची मतं आधी गावाच्या सात सदस्यांसाठी मोजली जातील, नंतर तालुक्याच्या बेरजेत धरून प्रांतिक परिषदेसाठी. आणि यूपीएलच्या कार्यालयात कुणीतरी वहीत तिसरा आकडा मांडून बसलेलं असेल : १४१ पैकी किती.